खारवेळी स्टेशनावर उतरलेली माणसे

सोमवार, १४ नोव्हेंबर १९६०. सकाळी साडेसहा.

निर्णय झाला. भाषणे पुरे.

खारवेळीला रेल्वे यावी म्हणून मी तेरा वर्षे बोलतो आहे. एकूण भाषणे एकशे बारा. रूळ शून्य. लोकांना ऐकू येते, पण दिसत नाही. आता दाखवायचे. पडवीतल्या मोठ्या टेबलावर आमच्या भावी स्टेशनाचे हुबेहूब मॉडेल करणार. रूळ, प्लॅटफॉर्म, पाट्या, झाडे, माणसे, सगळे.

पनवेलपर्यंत गाडी येणार असे पेपरात आले आहे. पाहणीवरचे एक इंजिनियर साहेब जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पेणच्या बंगल्यात उतरणार आहेत. त्यांना अर्ज धाडला होता. उत्तर आले: 'सवड झाल्यास येऊ.' म्हणजे येणार.

हातात सात आठवडे. प्रत्यक्ष काम तीन आठवड्यांचे. उरलेले चार स्वागताच्या भाषणासाठी. (वरचा निर्णय स्वागताच्या भाषणाला लागू नाही.)

बुधवार, १६ नोव्हेंबर.

प्रमाण ठरले. एका फुटाला पाव इंच. माणूस साधारण दीड इंचाचा. छत्रीच्या काड्यांचे रूळ, आगकाड्यांचे स्लीपर. त्यासाठी घरातल्या तिन्ही छत्र्या मोडल्या.

केसरने दारातूनच विचारले, "भावजी, पाऊस आला तं?" मी म्हणालो, पाऊस येईल तेव्हा बघू, तोवर मने तयार झाली पाहिजेत. ती आत गेली.

केसर म्हणजे माझा धाकटा भाऊ रघू याची बायको. रघू सत्तेचाळीसच्या आषाढात मुंबईहून येताना बोटीबरोबर बुडाला. सापडला नाही. म्हणून रेल्वे. 'रेल्वे बुडत नाही!' हे माझ्या प्रत्येक भाषणाचे शेवटचे वाक्य. त्यावर टाळ्या पडतात.

मी थोरला दीर, म्हणून ती माझ्यासमोर बसत नाही, दाराशी उभी राहून बोलते. या चालीविरुद्ध मी जाहीर सभेत तीनदा बोललो आहे. तिन्ही वेळा तिने बाहेर उभे राहून ऐकले.

रविवार, २० नोव्हेंबर.

आज मुख्य पाटी. पिवळी जमीन, काळी अक्षरे, 'खारवेळी'. खाली इंग्रजी. त्याखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहावी लागते. ती कोणालाच ठाऊक नाही.

भिकूला बोलावले. भिकू होड्या बांधतो. कोळीवाड्यातला सर्वांत हुशार माणूस, शिवाय आमच्या रेल्वे मागणी समितीचा उपाध्यक्ष. समितीत आम्ही दोघेच आहोत. तो म्हणाला, "उंची कंची मास्तर? भरतीची का ओहोटीची?" मी म्हणालो, सरकार सरासरी धरते. "मंग नऊ फूट लिवा. पन आषाढातल्या उधानाला पानी पाटीच्या वर जातं, त्ये बी लिवा."

विषय बदलला. नऊ फूट लिहिले.

बाकीच्या पाट्या: 'थुंकू नये', 'रूळ ओलांडू नये', 'पिण्याचे पाणी', 'चौकशी'. अक्षरे इतकी बारीक की ब्रश मांजराच्या केसांचा करावा लागला. मांजराची संमती नव्हती. हातावर ओरखडे.

गुरुवार, २४ नोव्हेंबर.

वाळलेल्या शेवाळाची झाडे केली. दिसायला उत्तम. वास सुकटीचा. मांजराने दोन आंबे आणि एक पिंपळ खाल्ला. प्लॅटफॉर्मची कड पिठाच्या खळीने चिकटवली होती, ती झुरळांनी कुरतडली. खऱ्या प्लॅटफॉर्मचीही झीज होतेच. तशीच ठेवतो.

कार्यक्रमापेक्षा चार दिवस मागे. चिंता नाही.

सोमवार, २८ नोव्हेंबर.

भिकूने पांगाऱ्याच्या लाकडाची सहा माणसे कोरून आणली. हात असा की पागोट्याचा पीळसुद्धा दिसतो. रंग पेणहून आणवले, गणपतीच्या कारखान्यातले उरलेले. त्यामुळे सगळ्यांचे चेहरे गुलाबी झाले. साहेबांनी विचारलेच तर सूर्योदय आहे म्हणून सांगेन. गाडी पहाटेची.

सहाही जण रुळाकडे तोंड करून उभे केले. गाडीची वाट बघताहेत.

शुक्रवार, २ डिसेंबर. सकाळी सात.

काल संध्याकाळी सहा जण रुळाकडे बघत होते. आज चौघे दाराकडे बघत आहेत.

वारा.

शनिवार, ३ डिसेंबर.

खिडक्या बंद करून निजलो होतो. आज पाच.

उंदीर.

मी भूत मानत नाही. अडतीस साली याच गावच्या स्मशानात उभा राहून भूतखेतांच्या थोतांडावर बोललो होतो. सुरुवातीला अकरा श्रोते, शेवटी सात. गेलेल्या चौघांना घरी कामे होती.

तरी माणसे पुन्हा रुळाकडे वळवताना त्यांच्या तोंडाकडे बघितले नाही. घाई होती.

मंगळवार, ६ डिसेंबर.

नीराबाई बोंबील घेऊन आली. कोळीण, साठीची. नवरा धर्माजी त्याच बोटीवर होता. तोही सापडला नाही. पडवीत टोपली ठेवली आणि टेबलाजवळ थबकली. लाल टोपीवाल्या माणसावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो धर्माजी."

मी समजावले. नीराबाई, हा हमाल आहे.

"हमाल आसंल. पन धर्माजीच हाय. मान बगा की, डावीकडं. ओझं वाहून वाहून तशीच झालेली."

भिकूला जाब विचारला. तो डोके खाजवत म्हणाला, "मुद्दाम न्हाय केला मास्तर. लाकूड हातात घेतलं की हात वळखीच्या मानसाकडं जातो."

नीराबाई जाताना बोंबील ठेवून गेली. पैसे घेईना. म्हणाली, "उतारला बाबा येकदाचा."

शनिवार, १० डिसेंबर.

बातमी गावभर. सकाळपासून नऊ बाया, दोन म्हातारे. प्रत्येकाचे कोणी ना कोणी त्या बोटीवर होते. कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ.

न सापडलेल्या माणसाचा पुतळा पळसाच्या पानांचा करतात आणि त्यालाच अग्नी देतात. या सगळ्यांनी त्या साली तो विधी केला होता. आम्हीही केला. मी सांगितले, शास्त्राप्रमाणे सगळे झालेले आहे, आता हे काय नवीन? नीराबाई म्हणाली, "पानांचा मानूस केला, जाळला. पन त्याला तोंड कुटं व्हतं?"

मी उभा राहिलो. भाषण केले. हे भविष्यकाळाचे स्टेशन आहे, भूतकाळाचे नाही. राष्ट्र पुढे बघते. रशियाने तर यंत्र आकाशात सोडले आहे. वीस मिनिटे. सगळे शांतपणे ऐकत होते. संपल्यावर आवडाबाई म्हणाली, "झालं तुमचं? मंग माज्या भावाला कुटं उबा करता?"

तत्त्वाला मुरड घातलेली नाही. प्लॅटफॉर्मवर गर्दी दिसली तर मागणीला वजन येते. परवानगी दिली.

बुधवार, १४ डिसेंबर.

सतरा माणसे. सूचनांचा भडिमार. एकाचा पाय अधू, एकाच्या काखेत बोचके, एकाचा पुढचा दात पडलेला. पाव इंची प्रमाणात दात दाखवता येत नाही असे सांगितले. "तोंड मिटलेलं करा मंग," म्हातारी म्हणाली. तोडगा बरोबर आहे.

कोणालाच आपले माणूस डब्यात बसवायचे नाही. डबा मी पत्र्याचा खास केला आहे, खिडक्यांसकट. पण नाही. उतरलेलेच पाहिजे, प्लॅटफॉर्मवर, पाटीजवळ, म्हणजे आलो कुठे ते त्याला कळेल. आवडाबाईने 'चौकशी'ची पाटी काढायला लावली. "त्येला गाव म्हायती हाय. कुनाला इचारायचं न्हाय."

प्लॅटफॉर्म सहा इंचांनी वाढवला. त्यासाठी मालधक्का रद्द.

आणि सकाळी सगळे फिरलेले. सतराच्या सतरा दाराकडे तोंड करून. उंदराला सतरा माणसे कशी जमली?

संध्याकाळी केसर दाराशी आली. म्हणाली, "भावजी, समदी आली. ह्ये कुटं हायत?"

मी म्हणालो, जागा नाही.

शुक्रवार, १६ डिसेंबर.

एकदा लिहून टाकतो, म्हणजे कामात व्यत्यय येणार नाही.

सत्तेचाळीसच्या आषाढात केसरने माझ्याकडून रघूला पत्र लिहवून घेतले. तिला लिहिता येत नाही. तिने सांगितले होते: 'पाऊस फार आहे. समुद्र बरा नाही. आत्ता येऊ नका, गणपतीलाच या.' मला त्याच पत्रात माझेही कळवायचे होते. शनिवारी माझी सभा होती, विषय 'उंबरठ्यावरचे स्वराज्य'. मी लिहिले: 'सभा मोठी आहे. तू समोर पाहिजेस. बोटीने नक्की ये.' केसरचा मजकूर लिहायचा राहिला.

पोस्टकार्ड होते. जागा नव्हती.

तो आला. म्हणजे निघाला.

केसरला वाटते, तिने नको म्हटले असताना तो निघाला. तेरा वर्षे तिचा त्याच्यावर राग आहे. अजून कधीकधी चुलीपुढे एकटी बोलते: "येक शबुद ऐकला न्हाय माजा. येक शबुद." त्याच्या श्राद्धाच्या पानावर ती लोणचे वाढत नाही. त्याला फार आवडायचे.

तिला सांगायला पाहिजे. हे मला मान्य आहे. पण अशा गोष्टी विचारपूर्वक, योग्य शब्दांत सांगाव्या लागतात. येत्या रविवारी.

रविवार, १८ डिसेंबर.

टिपण तयार केले. तीन मुद्दे. एक, त्या काळची राष्ट्रीय परिस्थिती. दोन, पोस्टकार्डाची मर्यादा. तीन, मूळ गोष्ट. दुपारी सांगणार होतो, पण सिग्नलचा खांब वाकला. तो सरळ करण्यात दिवस गेला.

आता साहेब येऊन गेल्यावर. तोवर तिचे मन कशाला दुखवा.

रविवार, २५ डिसेंबर.

नाही, आजच. चहा घेऊन दाराशी आली तेव्हा सरळ सुरुवात केली. म्हणालो, "केसर, पोस्टकार्ड फार लहान असते."

ती म्हणाली, "व्हय."

थोडा वेळ थांबली. मी चहा फुंकत राहिलो, तेव्हा भात उतू जाईल म्हणून गेली. सुरुवात झाली असे समजायला हरकत नाही.

टेबलावर सव्वीस माणसे. भिकू एक जास्त कोरून घेऊन आला होता. विचारले, हा कोणाचा? "तुमीच सांगा," म्हणाला. माणूस रुंद खांद्यांचा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. रघू तशाच दुमडायचा. मी म्हणालो, परत ने, पाय लहानमोठे झालेत. पाय सारखे होते.

शुक्रवार, ३० डिसेंबर. सकाळी.

उंदराचा उलगडा झाला.

उजाडता उजाडता पडवीत गेलो. टेबलापाशी केसर. एकेक माणूस उचलत होती, दाराशी उजेडात नेऊन तोंड बघत होती, पुन्हा जागेवर ठेवत होती. ठेवताना तोंड दाराकडेच राहायचे. सव्वीस वेळा. घाई नाही. मी खांबाआड उभा राहिलो. हजार माणसांसमोर उभा राहिलेला मी!

सव्विसावा ठेवून ती मागे न बघता बोलली. "ह्यांत न्हायत." मी तिथे आहे हे तिला ठाऊक होते. मग म्हणाली, "राग हाय म्हनून त्यांना उबं केलं न्हाय का तुमी? मला बी हाय राग. पन उतरू द्या की येकदा. मंग मी इचारते, माजा शबुद का मोडला त्ये."

बोलायला तोंड उघडले. पहिला मुद्दा राष्ट्रीय परिस्थितीचा होता. तसाच आत गेलो.

साहेब पाच तारखेला येणार हे पक्के झाले. भिकूला तो परत नेलेला माणूस आणायचा निरोप पाठवायचा विचार आहे. उद्या.

बुधवार, ४ जानेवारी १९६१.

निरोप पाठवला नाही. भाषणात गुंतलो. दोन तासांचे झाले आहे, आकडेवारी सोडून. प्लॅटफॉर्मवर आता एकतीस जण. साहेब भारावून जाणार. खारवेळीचे स्टेशन निश्चित समजायला हरकत नाही.

गुरुवार, ५ जानेवारी. दुपारी चार.

साहेब आले. जीपने, धुळीने माखलेले. तरुण, चांगला माणूस. अंगणात सगळे गाव जमलेले.

त्यांनी वाकून मॉडेल बघितले. पुष्कळ वेळ. पाटीचे कौतुक केले. छत्रीच्या काड्या ओळखल्या आणि हसले. मग पेन्सिलीने माणसे मोजली. म्हणाले, "उतरलेले एकतीस. चढणारा एकही नाही?"

मी म्हणालो, सकाळची गाडी आहे.

"तरी कोणीतरी चढेल ना मास्तर. रेल्वेला दोन्हीकडची माणसे लागतात. हे सगळे कुठून आले?"

भिकू म्हणाला, "म्हमईसनं."

"एकाच गाडीने?"

नीराबाई पुढे झाली. "येकाच बोटीनं, सायेब. सत्तेचाळीसच्या."

साहेबांनी पेन्सिल खिशात ठेवली. पुन्हा वाकून बघितले, पण आता मोजत नव्हते. मग मला बाजूला घेऊन हळू सांगितले की आत्ताच्या आखणीत लाइन किनाऱ्याकडे वळतच नाही, आतून जाते. खोटी आशा दाखवणे त्यांना बरे वाटत नाही.

हीच माझी वेळ होती. दोन तासांचे भाषण. उभा राहिलो, हात वर केला. समोर सगळे गाव, आणि मागे दारात केसर. 'रेल्वे बुडत नाही' हे शेवटचे वाक्य आधीच तोंडात आले. आणि तिथेच अडकले.

म्हणालो, "साहेब, चहा घ्या."

त्यांच्या हातात कप होता. रिकामा.

शुक्रवार, ६ जानेवारी. संध्याकाळी.

सकाळी भिकूकडे स्वतः गेलो. त्याने विचारले नाही, फळीवरून काढून हातात दिला. रघूचे तोंड मी बघितले. गुलाबी रंग लावला नाही. तसाच आणला.

केसर चुलीपाशी होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. टिपण बरोबर नव्हते. म्हणालो, "केसर, रघूने तुझा शब्द मोडला नाही. तुझा शब्द त्याला मिळालाच नाही. मी लिहिलाच नव्हता. सभेला ये, एवढेच लिहिले."

एवढेच झाले. अर्धे मिनिटसुद्धा लागले नाही.

तिने लाकूड मागे ओढले. जाळ बसेपर्यंत बघत राहिली. मग विचारले, "सभा झाली व्हती?"

म्हणालो, झाली. बोटीची बातमी दुसऱ्या दिवशी आली. त्या संध्याकाळी काही कळले नव्हते.

"किती येळ बोललात?"

"दीड तास."

खरे म्हणजे तेवढ्यावर थांबता आले असते. पण तिने विचारले नसतानाही सांगितले, की रघूसाठी पहिल्या रांगेत एक जागा मोकळी ठेवली होती, आणि ती शेवटपर्यंत भरली नाही म्हणून मी बोलता बोलता त्याच्यावर चिडलो होतो.

ती उठली. माझ्या हातातून त्याला घेतले. पदराने पुसले. पडवीत जाऊन टेबलावर पाटीच्या खाली उभा केला. एकतीस जणांना थोडे थोडे सरकवले, जागा झाली. मग टेबलाशी खुर्ची ओढून बसली. माझ्यासमोर पहिल्यांदाच बसली, पण तोंड त्याच्याकडे.

म्हणाली, "चुकलं माजं. तेरा वर्सं उगाच बोलले तुमास्नी."

आणि मग हळू आवाजात बोलतच राहिली. पावसाचे, विहिरीचे, पाली गावी तिची आई वारली त्याचे. दिवा लावायची वेळ झाली तरी बोलत होती. मी खांबाला टेकून उभा होतो. माझ्याकडे तिने बघितले नाही.

त्या दोघांच्या मध्ये मी बोलणे बरे दिसले नसते.